फुफूचा ओटा आणि माझं आभारप्रदर्शन

आधी कबूल करा, हसणार नाही. नुसती मान हलवून चालणार नाही, तोंडानं म्हणा. कारण मी जी माती खाल्ली ती साधीसुधी नाही. माझ्या म्हाताऱ्या फुफूला न्याय द्यायला विधानसभेची समिती आमच्या दारात आली होती. पाच आमदार, सहा गाड्या, पुढं पोलिसांची जीप. आणि ह्या पठ्ठ्यानं काय केलं? त्यांना शाल-नारळ देऊन, टाळ्या वाजवून, आले तसे परत पाठवलं!

हसलात ना? मला ठाऊकच होतं. असू दे, चहा तुम्ही पाजताय, तेवढा हक्क आहे तुमचा.

तर मी सलीम मणेर. धंदा मंडप, स्टेज आणि स्पीकरचा. पलूसच्या अलीकडं आमचं गाव. नाव सांगत नाही, मला अजून तिथंच राहायचंय. मंडप घेतला की सूत्रसंचालन फुकट, अशी माझी जाहिरात आहे. लोक म्हणतात, सलीमभाई, सूत्रसंचालन ऱ्हाऊ द्या, दोन खुर्च्या जास्त द्या. पण मी ऐकतो होय?

घरात आम्ही आपली दखनी बोलतो, चावडीवर गावरान मराठी. पण माइक हातात आला की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. ‘आजच्या या मंगलमय सोहळ्याप्रसंगी’ असं आपोआप तोंडातनं बाहेर पडतं. त्यातही आभारप्रदर्शन म्हणजे माझा जीव की प्राण. जनावरांच्या लसीकरणाला मी म्हशींचेसुद्धा आभार मानलेत, सहकार्याबद्दल. एकदा गावातल्या आप्पांच्या शोकसभेत सवयीनं बोलून गेलो, ‘ज्यांच्यामुळे आज आपण सगळे इथे एकत्र जमलो, त्या आप्पांचे मनःपूर्वक आभार!’ आप्पांचा थोरला अजून माझ्याकडनं मंडप घेत नाही.

आता फुफू. फुफू म्हणजे वडिलांची बहीण, तुमच्याकडची आत्या. जैनबफुफू. माझी आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं. सत्तरी ओलांडली तिनं, पण बांगड्या भरायला बसली की हात असा चालतो की बघत राहावं. हात नुसता दाबून मऊ करते, गप्पात गुंगवते, आणि ‘आगं बाई’ म्हणायच्या आत डझनभर बांगड्या मनगटात. आमच्या चार गावांत एक लग्न दाखवा, ज्याचा हिरवा चुडा फुफूनं भरला नाही. चुडा भरला की नवरी तिच्या पाया पडते, फुफू तिच्या डोक्यावर हात ठेवते. आज ज्या आज्या आहेत त्यांचे चुडेही तिनंच भरलेत.

हे सगळं चालायचं कुठं? तिच्या दारातल्या ओट्यावर. दगडी ओटा, तीन पायऱ्या. बायका तिथं बसायच्या, बांगड्या भरून झाल्या तरी उठायच्या नाहीत. अख्ख्या गावाची बातमी आधी त्या ओट्यावर, मग ग्रामपंचायतीत.

चार वर्षांमागं रस्ता रुंद करायला निघाले. कुठल्या खात्यानं, ते जाऊ द्या. ओटा फुफूच्या हद्दीत, उताऱ्यावर नोंद आहे, सगळं आहे. पण जेसीबीवाल्याला कुणी उतारा वाचायला शिकवलाय? सकाळी फुफू दूध आणायला गेली, परत आली तर ओटा ट्रॉलीत! रस्ताही खाली खणलेला. दार राहिलं वर, छातीएवढ्या उंचीवर, आणि खाली काहीच नाही.

तवापासनं फुफू दारात बसायची आणि बायका खाली रस्त्यावर उभ्या राहून हात वर करायच्या. एस.टी.च्या खिडकीतनं तिकीट घेतल्यागत! आत यायचं असेल तर स्टूल. पण डोहाळजेवणाच्या पोरीला कोण स्टुलावर चढवतंय? गुडघे दुखणाऱ्या आजीला कोण चढवतंय? हळूहळू बायका स्टँडावरच्या नव्या दुकानाकडं वळायला लागल्या. फुफूची लेक हसीना पाटणला दिलेली. ती फोनवर रोज एकच म्हणायची, दुकान बंद कर अम्मी, इकडं ये.

आम्ही ऑफिसात गेलो. साहेबानं फाईल उघडली.

“मावशी, ओटा कुठाय?”

“तुमीच न्हेला की!”

“मग जो ओटा जाग्यावर नाही त्याचा पंचनामा कसा करायचा?”

“न्हेला तवा करायचा हुता.”

“तेव्हा तुमचा अर्ज कुठं होता?”

फुफूनं माझ्याकडं बघितलं. “सल्या, ह्यो मानूस शाळंत हुशार असनार.”

असं तीन वर्षं चाललं. नुकसानभरपाईचा अर्ज या टेबलावरनं त्या टेबलावर. फुफू आपली एकच सांगायची, मला पैसं नकोत, माझा ओटा बांधून द्या. ते म्हणायचे, ओटा देण्याची तरतूद नाही.

शेवटी सांगलीतले एक वकील भेटले, भला माणूस. म्हणाले, “कोर्टात सरकारशी भांडायचं तर भांडू. पण आजींचं वय बघता निकाल नातवंडांना ऐकावा लागंल. त्यापेक्षा विधानसभेत जा.”

“निवडणूक लढवू म्हणता?”

“अहो, अर्ज करा! तिथं आमदारांची एक समिती असते. ज्याचं सरकारी खात्यानं नुकसान केलंय आणि खातं ऐकत नाही, असा साधा माणूससुद्धा तिच्यापुढं दाद मागू शकतो. तुमच्या आमदारांची सही घ्या आणि द्या धाडून. समितीनं विचारलं की खात्याला उत्तर द्यावंच लागतं.”

आमदारांची सही मिळाली. त्यांच्या तीन प्रचारसभांचा स्पीकर माझा होता, नाही कसं म्हणतील? अर्ज मी लिहिला. सहा पानं. पहिली दोन पानं नुसती समितीच्या गौरवाची.

आणि आठ महिन्यांनी, काय सांगू, पत्र आलं! समिती सांगली जिल्ह्याच्या दौऱ्यावर येणार आणि आमच्या अर्जाची जाग्यावर जाऊन पाहणी करणार. पत्र मी फुफूला वाचून दाखवलं, मग चावडीत, मग डेअरीवर, मग उगीचच पुन्हा चावडीत.

फुफू मात्र शांत होती. म्हणाली, “हे शेवटचं बघ सल्या. ह्यातनं वटा मिळाला तर मिळाला. न्हाईतर ईद झाली की मी पाटणला जाती. बिनवट्याचं दुकान न्हाई चालत, आन् मला रस्त्याकडं बघत बसवत न्हाई.”

“फुफू, तू बघच,” मी म्हणालो. “असं स्वागत करतो की समिती तोंडात बोट घालंल!”

इथंच, दोस्तांनो, इथंच माझी गाडी घसरली.

आता तुम्हीच सांगा. मुंबईहून पाव्हणे येणार. आमदार म्हणजे काय साधं? आपल्या भागात पाव्हणा येणार म्हटलं की आपण काय करतो? घर झाडतो, तुटकी खुर्ची माळ्यावर टाकतो, पोपडे निघालेल्या भिंतीपुढं कपाट सरकवतो. पाव्हण्याला आपलं फाटकं दाखवायचं नसतं, ही शिकवण रक्तातच आहे की नाही? त्यात तहसीलच्या क्लार्कनं सांगितलं, समितीच्या अध्यक्ष बाई आहेत, साठीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

मी बबनला म्हणालो, “बबन्या, बाई वर फुफूपर्यंत चढणार कशा?” बबन माझा भागीदार. स्पीकर तो बघतो, वीस वर्षं माझ्या भाषणांचा आवाज कमीजास्त करतोय.

“स्टूल हाय की.”

“आरं, विधानसभेला स्टुलावर चढवतोस?”

झालं! आदल्या दिवशी माझं एक नंबरचं स्टेज आणलं. लोखंडी पाइप, जाड फळ्या. फुफूच्या दारापुढं, उंबऱ्याला बरोबर भिडवून, पूर्वीच्या ओट्याच्या मापाचं बसवलं. मापं मला पाठ होती, लहानपण तिथंच गेलं. वर लाल गालिचा. पुढं तीन पायऱ्या, पायऱ्यांना कठडा. खाली पाइप दिसू नयेत म्हणून चहूबाजूंनी मखमली झालर. ओटा उखडताना तुटलेल्या भिंतीचे दगड उघडे पडले होते, ते लय ओंगळ दिसत होते. त्यावर लग्नातला सोनेरी पडदा ताणला. झेंडूची तोरणं. मागं सरकून बघितलं आणि माझे मलाच डोळे भरून आले.

फुफू दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

“सल्या.”

“काय फुफू? कसं दिसतंय?”

“झ्याक दिसतंय. पर मी काय म्हंती, ती मान्सं मोडल्यालं बघाय येनार हायती न्हवं?”

“व्हय.”

“मंग तू ते झाकलंस का?”

“आगं फुफू, येणारे पाव्हणे हायती! त्यांना काय खड्ड्यात हुभं करू? आधी स्वागत, मग सत्कार, मग तू बोलायचं मनोगत. त्यात सगळं सांग. कार्यक्रमपत्रिका काढलीया मी!”

“पत्रिका?”

“छापलीया.”

फुफूनं एकदा झालरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाली, “या अल्ला,” आणि आत गेली. गरीब बिचारी, मला वाढवणाऱ्या बाईला माझं बोलणं ऐकायची सवय लागलीय, दुसरं काय!

सकाळी गंमतच झाली. ओटा परत आला म्हणून बायका जमल्या. चार वर्षं वाट बघितल्यागत येऊन बसल्या गालिच्यावर. जगतापांची सून सातव्या महिन्यातली, ती कठड्याला धरून तीन पायऱ्या चढून आली. फुफूनं तिचा हात हातात घेतला. त्या दोन तासांत फुफूनं जेवढ्या बांगड्या भरल्या तेवढ्या वर्षात भरल्या नसतील. हसत होती. किती दिवसांनी हसताना बघितलं तिला! मला वाटलं, वा सलीम, अर्धा न्याय तर आत्ताच झाला.

अकरा वाजता गाड्या आल्या. हलगी वाजली, औक्षण झालं. अध्यक्षताई कठड्याला धरून सावकाश वर आल्या. “किती छान सोय केलीय हो!” असं म्हणत फुफूशेजारी बसल्या. बाकीचे आमदार खुर्च्यांवर. सगळ्यांत मागं रस्त्याच्या खात्याचे इंजिनिअर, काखेत फाईल, कपाळावर घाम. चार वर्षांची उत्तरं द्यायची होती ना!

फुफूला काय, बाईचा हात दिसला की राहवत नाही. तिनं ताईंचा हात घेतला, दाबला, आणि बोलता बोलता सहा हिरव्या बांगड्या चढवल्या. ताई वाकून तिच्या पाया पडल्या. अख्खा रस्ता टाळ्या वाजवतोय!

मग ताईंनी फाईल मागितली. चष्मा लावला. “अर्ज ओट्याबद्दल आहे ना? हाच का तो ओटा?”

इंजिनिअरनं मान वर केली. गालिचा बघितला. झालर बघितली. कपाळावरचा घाम पुसला. आणि हळूहळू, ढगातनं ऊन पडावं तसं, त्याच्या तोंडावर हसू आलं.

“जी मॅडम,” तो म्हणाला. “आपण बसलाय त्यावरच.”

बघा, खोटं बोलला का? एक अक्षर खोटं बोलला नाही!

फुफूनं तोंड उघडलं, “आवं ताई, ह्यो तर—”

आणि मी, तुमच्या ह्या मित्रानं, माइकवर फुंकर मारली. “फूः फूः. जैनबफुफूंचं मनोगत सत्कारानंतर होईल. प्रथम मान्यवरांचा सत्कार!”

सत्कार म्हणजे कितीसा वेळ लागतो, असं तुम्हाला वाटतं. पाच आमदार, त्यांचे सचिव, प्रांत, तहसीलदार, फौजदार, तलाठी. प्रत्येकाची ओळख मी दिली, आणि मी ओळख देतो म्हणजे जन्मापासनं देतो. शाली फुफूच्या हातनं. इंजिनिअरलासुद्धा! ज्याच्या खात्यानं ओटा उचलला त्याला तिनं शाल घातली. घालताना त्याच्याकडं असं बघितलं की तो शालीत अर्धा झाला. मला वाटलं, भारावलाय.

सत्कार संपेस्तोवर साडेबारा वाजले. सचिव घड्याळ दाखवायला लागले. “जतला तीन वाजता बैठक आहे. आवरा.”

“मनोगत ऱ्हायलंय,” बबन माझ्या कानात म्हणाला.

“दोन मिनिटं आहेत फक्त,” सचिव म्हणाले.

दोन मिनिटं! कार्यक्रमपत्रिकेत दोनच गोष्टी उरलेल्या, मनोगत आणि आभार. आता आभाराशिवाय कार्यक्रम संपवतात काय कुठं? तुम्ही संपवाल? ताट वाढलं आणि पाणी दिलं नाही, असं होईल ते! मी फुफूला हातानं ‘बस’ अशी खूण केली आणि माइक ओठाला लावला.

शब्दन् शब्द आठवतो मला. विसरता येत नाही, बबननं मोबाइलवर घेतलंय. “ज्यांच्या अथक परिश्रमांमुळे आज आपण सर्वजण या सुंदर ओट्यावर विराजमान आहोत, त्या रस्ते खात्याचे, आदरणीय इंजिनिअरसाहेबांचे आणि मायबाप शासनाचे, मी मणेर कुटुंबाच्या वतीने, अंतःकरणाच्या गाभाऱ्यातून, जाहीर आभार मानतो!”

का बोललो? मला विचारू नका. स्टेजवर जो बसलाय त्याचे आभार मानायचे, एवढंच जीभ वीस वर्षं शिकली. टाळ्या पडल्या. इंजिनिअर पळत आला आणि त्यानं मला मिठी मारली. गच्च! मला वाटलं, माझ्या भाषणानं माणसाचं मन बदललं. गाड्या धुरळा उडवत गेल्या.

मागं वळून बघितलं तर फुफू हातात एक नारळ घेऊन बसलेली. उरलेला.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं की! लय भारी झालं!”

“मी काय बोलले?”

तवा कुठं मला पत्रिकेतलं मनोगत आठवलं, गड्या. पण मी म्हटलं, मोठी माणसं आहेत, फाईल वाचतील, समजून घेतील. संध्याकाळी स्टेज सोडलं, माधवनगरला लग्नाची ऑर्डर होती. दार पुन्हा वर, रस्ता पुन्हा खाली.

महिन्यानं पत्र आलं. ‘समितीने प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ओटा सुस्थितीत व वापरात असल्याचे आढळून आले. अर्जदारांच्या वतीने संबंधित खात्याचे जाहीर आभार मानण्यात आले. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

मी ते फुफूला वाचून दाखवलं. म्हणजे निम्मं वाचलं. पुढचं तोंडातनं बाहेर पडेना. आयुष्यात पहिल्यांदा!

मला वाटलं, चप्पल काढंल. बरं झालं असतं, काढली असती तर. तिनं काही केलं नाही. उठली, माळ्यावरनं पत्र्याची पेटी काढली आणि बांगड्यांचे तोडे एकेक करून कागदात गुंडाळायला लागली.

“काय करतीस?”

“हसीनाला फोन लाव. म्हनावं, ईदीपर्यंत कशाला थांबू.”

“फुफू, मला शिव्या दे. मार मला.”

“तुला कशाला मारू? सरकारनं वटा न्हेला तवा मी त्यास्नी चार शिव्या दिल्या, हलकी झाले. सरकार काय, परकं. तुला कसल्या शिव्या देऊ? तुला मीच बोलायला शिकवलंय रं.”

 मी तसाच बाहेर पडलो आणि बबनला फोन लावला. समितीचा पत्ता काढ! बबननं तहसीलच्या क्लार्ककडनं माहिती आणली, दुसऱ्या दिवशी समिती साताऱ्याला, विश्रामगृहावर.

पहाटेची एस.टी. धरली. साताऱ्याच्या विश्रामगृहापुढं ही रांग! कुणाची विहीर गेलेली, कुणाचं शेत धरणात गेलेलं. दुपारी तीनला माझा नंबर लागला. आत ताई बसल्या होत्या. हातात फुफूच्या हिरव्या बांगड्या, तशाच.

“अरे, आभारवाले!” त्या म्हणाल्या. “काय हो, ओटा बरा आहे ना?”

“ताई, ओटा न्हाई.”

“पडला?”

“न्हाई. मी सोडून न्हेला.”

“सोडून? दगडी ओटा?”

“स्टेज हुतं ते. माझंच. माधवनगरला लग्न हुतं, तिथं न्हेलं.”

 बाजूचा एक आमदार आधी खोकला, मग त्याला हसू आवरेना, मग सगळेच. माझा चेहरा बघून ताईंनी हात वर केला. “हसू नका. पण मला सांगा सलीमभाई, आम्ही नुकसान बघायला येणार होतो. तुम्ही ते मखमलीनं का झाकलंत?”

मी म्हणालो, “तुमी पाव्हणे हुता, ताई.”

त्यांनी हातातल्या बांगड्या एकदा फिरवल्या. मग म्हणाल्या, “अर्ज पुन्हा उघडायची मी शिफारस करीन. आम्ही परत येऊ. पण एक अट. काही करायचं नाही. गालिचा नाही, हार नाही, माइक नाही. तुम्ही हात मागं बांधून उभं राहायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. जमेल?”

“जमंल.”

“बघा हं. अवघड आहे.”

ताई माणूस ओळखून होत्या.

पंधरा दिवसांनी दोनच गाड्या आल्या. मी रस्त्याकडेला हात मागं बांधून. फुफू वर दारात. ताई खाली उतरल्या, दाराकडं बघितलं, खाली बघितलं.

“मावशी, वर कुठनं यायचं?”

“कुठनं येनार? समद्या येत्यात तसंच. स्टुलावर पाय ठेव आन् माझा हात धर.”

ताईंनी इंजिनिअरकडं बघितलं. “स्टूल धरा.”

इंजिनिअरनं स्टूल धरलं. ताईंनी एक पाय ठेवला, फुफूचा हात धरला, दुसरा पाय उचलला आणि गुडघ्यानं दगा दिला. ना वर, ना खाली! वरनं फुफू ओढतीय, खालनं इंजिनिअर स्टुलाला मिठी मारून बसलाय, आणि विधानसभेची समिती मधे लोंबकळतीय. माझ्या जिभेवर ‘सन्माननीय अध्यक्षांनी कृपया’ एवढं आलं होतं, मी दात आवळून धरले.

कसंबसं वर गेल्यावर ताईंनी घाम पुसला. इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, मागच्या वेळी अर्जदारांनी स्वतः जाहीर—”

“ते मी ऐकलंय,” ताई म्हणाल्या. “छान बोलतात. आता तुम्ही या वर.”

तो चढला. चढताना त्याची पँट गुडघ्यात टरकली. फुफूनं लगेच विचारलं, “सुईदोरा देऊ का, सायेब?”

बाकीचं काय लांबवत नाही. खात्याला उत्तर द्यावं लागलं, उतारा बघावा लागला, आणि ओटा बांधून द्यायची तरतूद कुठनं तरी निघाली. पावसाळ्याआधी ओटा उभा राहिला. काळा दगड, तीन पायऱ्या, आणि फुफूनं मापापेक्षा वीतभर जास्तच बांधून घेतला. “चार वर्साचं याज,” म्हणाली. पेटीतल्या बांगड्या पुन्हा भिंतीवर लागल्या. जगतापांची सून बाळाला घेऊन आली, तिला फुफूनं काळ्या मण्यांची मनगटी बांधली.

उद्घाटनाला अख्खं गाव. इंजिनिअरही आलेला, फोटोसाठी. मी मंडप घातला नाही, झालर आणली नाही, शहाण्यासारखा बाजूला बसलो. फुफूनं पाव्हण्यांसाठी एक स्पीकर तेवढा लावू दिलेला. तेवढ्यात मागनं कुणीतरी ओरडलं, “सलीमभाई, आभार!”

सांगा, कसा बसू? पाय आपोआप उठले. माइक हातात आला. “आजच्या या मंगलमय—”

“थांब!” फुफू कडाडली.  “सल्या, आदी त्या इंजिनेराला गाडीत बसू दे. गाडी पुलाच्या पल्याड जाऊ दे. मंग मान आभार, किती मानायचं ते!”

गाव हसून लोळलं. इंजिनिअर खरंच गाडीत बसला, गाडी पुलापलीकडं गेली. मग मी बोललो. अंतःकरणाच्या गाभाऱ्यातून, वीस मिनिटं. समितीचे आभार, वकिलांचे आभार, दगड घडवणाऱ्या वडारांचे आभार, आणि शेवटी फुफूचे, तेव्हा आवाज जरा भरून आला. डोळे पुसून बघतो तर समोर कोणी मान हलवेना, टाळी नाही, बायका आपल्या बांगड्या भरण्यात दंग.

मी बबनकडं बघितलं.

“सलीमभाई,” तो म्हणाला, “माइक कवाचा बंद हाय. वायर फुफूनं बांगड्यांच्या पेटीत कुलूप लावून ठेवलीया.”